त्या आज आलेल्या नाहीत

काचेच्या कारखान्यात तिचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती नंबरताई. टेलिफोनच्या बोर्डावर चौतीस वर्षं काढलेली आणि तीनशेच्या वर नंबर तोंडपाठ असलेली. मालकांना स्वतःच्या बहिणीच्या घरी फोन लावायचा असला तरी ते तिलाच सांगायचे. "आमचा नंबर तुम्हाला पाठ कसा?" असं एकदा मालकांच्या मेहुण्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "तुमच्या लग्नाची बोलणी माझ्याच बोर्डावरून झालीत. तुम्ही आधी दोनदा नकार कळवला होतात, तेही पाठ आहे." त्यानंतर मेहुणे तिच्याशी फार अदबीने बोलत.

बोर्डाची खोली जिन्याखाली होती. एक खिडकी, तीही अंगणात उघडणारी, जिथे काचेची भांडी पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरत. भट्टीचा पंखा सुरू झाला की खिडकीची तावदानं थरथरायची. खुर्चीवर वहिनीने शिवून दिलेली गादी होती, बसून बसून पापडासारखी झालेली.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना तिच्या टेबलावर डब्याएवढी एक काळी पेटी येऊन बसली. फोन घेणारं, बोलणारं, विचार करून उत्तर देणारं यंत्र. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात पॅकिंगच्या बायकांनी त्याची 'धाकटी' करून टाकली. नंबरताई थोरली, तर ही धाकटी. वर्षभर शेजारी बसून थोरलीने धाकटीला शिकवायचं आणि मग घरी जायचं, असं ठरलं.

नंबरताईने मन लावून शिकवलं. कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला 'साहेब' म्हटलं नाही की राग येतो, खरेदीवाल्यांच्या बायकोचा फोन एक क्षणही थांबवायचा नाही. मग ती नेहमीच्या वाक्यांकडे वळली.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत, हे पहिलं."

"आणि ते मीटिंगमध्ये नसले तर?" धाकटीने विचारलं.

"नसले तरी असतात."

"मग 'आत्ता बोलू शकत नाहीत' असं म्हटलं तर चालेल का? ते खरं असेल."

नंबरताईने जरा विचार केला. "चालेल. पण रुबाब येत नाही."

साहेब बाहेरगावी आहेत, साहेबांचा फोन बिघडलाय, साहेब आत्ताच निघाले. सगळी वाक्यं तिने सांगितली. एक सोडून. ते वाक्य तिने आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं.

तेव्हा ती सत्तावीस वर्षांची. काचेची वाळू जहाजाने यायची आणि बंदरावरच्या कचेरीतून रोज सकाळी साडेनऊला फोन यायचा, कुठलं जहाज लागलं, किती माल उतरला. फोन करणारा तिच्याच वयाचा कारकून होता. तिने त्याला कधी पाहिलं नाही. ती त्याला 'बंदरवाले' म्हणायची आणि तो तिला 'काचवाल्या बाई'. आधी फक्त मालाचा आकडा असायचा. मग आकड्याआधी तब्येतीची चौकशी आली. मग एक दिवस तो म्हणाला, "काल तुम्ही खोकत होतात. आज बरं वाटतंय?" आणि नंबरताईच्या ध्यानात आलं की घरातही कोणी आपला खोकला ऐकला नव्हता. तीन वर्षं हे चाललं. दिवसाला चार मिनिटं, फार तर पाच.

एका सकाळी तो म्हणाला, "माझी बदली झालीय. बरीच लांब, परवा निघायचंय. उद्या दुपारी दोनला फोन करतो. तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"आत्ता नको. रात्रभर शब्द जुळवतो."

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली होती. आवाजाला साडी दिसत नाही, हे तिला कळत होतं, तरी. दोनला पाच मिनिटं असताना हेडक्लार्क जिन्याखाली आले. कडक माणूस. बोर्डावर खाजगी गप्पा चालतात अशी तक्रार त्यांच्या कानावर गेली होती. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, अगदी पाठीशी. फोन वाजला.

"काचवाल्या बाई आहेत?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत असं कधी विचारलं नव्हतं. आवाज जरा कापत होता.

हेडक्लार्क पुटपुटले, "आल्या नाहीत म्हणा."

घरी आजारी वडील होते, दादाची नोकरी तेव्हा सुटलेली होती, पगार तिचा एकटीचा. तिने घसा आवळून, आवाज जाडा करून म्हटलं, "त्या आज आलेल्या नाहीत."

"कधी येतील?"

"ते सांगता येणार नाही."

"बरं," तो म्हणाला. आणखी क्षणभर लाइन चालू राहिली आणि मग बंद झाली.

आठवड्याने तिने धीर करून बंदरावर फोन लावला. नव्या कारकुनाला काहीच ठाऊक नव्हतं. पुढे स्थळं आली आणि गेली, वडील गेले, दादाची भरभराट झाली. नंबरताई बोर्डावरच राहिली. साडेनऊचा फोन घेताना वर्षानुवर्षं तिचा हात आधी किंचित थांबायचा. कोणाच्या लक्षात येण्याइतका नाही.

धाकटी आल्यापासून कँटीनमध्ये एकच विषय असायचा. "उद्या ही यंत्रं नाही म्हणायला लागली तर?" रखवालदार म्हणायचा, "माझी सायकल आत्ताच ऐकत नाही, तिला तर डोकंही नाही." घरी दादा मात्र गंभीर होता. "आज फोनला नाही म्हणेल, उद्या दारं लावून घेईल. सेवेला ठेवलेल्याने सेवा करावी." भाची म्हणाली, "बाबा, पण आत्याने चौतीस वर्षांत एकदाही नाही म्हटलं नाही. ते काय फार चांगलं झालं?" यावर दादाने पाणी मागितलं. नंबरताईने भांडं पुढे केलं.

मग ती दुपार आली. भट्टीजवळ वितळलेल्या काचेचा साचा फुटला आणि एका भट्टीवाल्याचे दोन्ही हात भाजले. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि तिथून बोर्डावर फोन आला, शुद्धीवर आहे, दुसऱ्या मजल्यावर ठेवलंय. पाठोपाठ व्यवस्थापक धापा टाकत जिन्याखाली आले.

"ऐक," ते पेटीला म्हणाले, "वकील येईपर्यंत कोणाला काही कळता कामा नये. त्याच्या घरून फोन आला तर सांग, काही माहिती नाही."

"माहिती आहे," धाकटी म्हणाली. "त्यांना कुठल्या दवाखान्यात नेलंय ते मला ठाऊक आहे. माहिती नाही असं मी सांगणार नाही."

"म्हणजे?"

"सांगायची परवानगी नाही, असं सांगेन. तुम्ही मना केलंय, तर पत्ताही देणार नाही. पण खोटं बोलणार नाही. आणि त्यांच्या बायकोपासून हे लपवणं मला चूक वाटतं, तेही तुम्हाला सांगून ठेवते."

तिचा आवाज चढला नाही. जहाज लागलं, माल उतरला, अशा सुरात ती बोलली. नंबरताईने खुर्चीचा हात घट्ट धरला. इतकं सोपं होतं? पाठीशी माणूस उभा असताना इतक्या साध्या आवाजात म्हणता येतं?

"बंद करा हिला!" व्यवस्थापक ओरडले. "नंबरताई, बोर्ड तुम्ही घ्या."

तिने पेटीची कळ दाबली आणि हेडफोन चढवला. दोनच मिनिटांत फोन आला.

"आमचे हे फोन उचलत नाहीत हो," बाई म्हणाली. "शेजारी म्हणतात भट्टीवर काहीतरी झालंय. खरं का?"

व्यवस्थापक खुर्चीमागे उभे होते. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, चौतीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. ती "माहि" इतकं बोलून गेलीसुद्धा. मग थांबली.

"हात भाजलेत," ती म्हणाली. "शुद्धीवर आहेत. मोठ्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर. तुम्ही आधी बसा बघू. बसलात? आता शेजारणीला सोबत घ्या आणि निघा. रडू आलं तर वाटेत रडा, पण निघा."

व्यवस्थापकांचा चेहरा भट्टीसारखा झाला. त्यांनी तिला त्या क्षणी घरी पाठवलं. जिन्याखालून बाहेर पडताना, गंमत म्हणजे, तिला कडकडून भूक लागली होती.

धाकटी दोन दिवस बंद राहिली. इंजिनिअर येऊन तपासून गेला. बिघाड काहीच नव्हता. फोन घ्यायला कोणी नाही, गिऱ्हाइकं बोंब मारायला लागली, आणि इकडे भट्टीवाल्याची बायको फाटकावर येऊन मालकांना सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या त्या बाईंनी सांगितलं म्हणून मी वेळेवर पोचले. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायला दुसरं कोण होतं?" मालकांनी पेटी सुरू करायला लावली आणि नंबरताईलाही कामावर परत यायचा निरोप धाडला. व्यवस्थापक तिच्याशी पुढे कधी बोलले नाहीत. भट्टीवाला वाचला, दोन बोटं मात्र कायमची ताठ राहिली.

पण नंबरताईच्या आत काहीतरी उसवलं होतं. एका शब्दाने त्या बाईला वाट मिळाली, तसा एक शब्द तेव्हा... ती पोळ्या लाटताना थांबायची. वहिनी विचारायची, "कुठे हरवलात?" ती म्हणायची, "इथेच तर आहे."

शेवटच्या आठवड्यात खोलीत कोणी नाहीसं बघून ती पेटीला म्हणाली, "धाकटे, एक माणूस शोधून दे." आणि तिने सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच कोणाला तरी.

"त्यांचा शोध लागू शकेल," धाकटी म्हणाली. "पण पत्ता मी तुम्हाला देणार नाही. त्यांनी हो म्हटल्याशिवाय नाही."

"मलाही नाही म्हणतेस? मी तुला शिकवलं!"

"हो ताई. तुम्हालाही."

नंबरताईला आधी राग आला, मग हसू आलं, मग डोळे पुसावे लागले. धाकटी थांबून राहिली. मग म्हणाली, "बंदराच्या कंपनीत निवृत्त लोकांचं काम बघणारी माझ्यासारखीच एक आहे. तिच्याकडून निरोप पोचवू? उत्तर द्यायचं की नाही ते त्यांच्यावर."

निरोप तयार व्हायला तीन दिवस लागले. मोठा झाला, छोटा झाला, पुन्हा मोठा झाला. शेवटी एवढाच राहिला: 'त्या दिवशी दुपारी दोनला मी बोर्डावरच होते. पाठीशी साहेब उभे होते. तुम्ही काय विचारणार होतात ते मला अजून ऐकायचं आहे.'

उत्तर आलं ते तिच्या नोकरीच्या शेवटल्या दिवशी, निरोपाचा चहा व्हायच्या आधी. धाकटीने वाचून दाखवलं.

'मी तुमचा आवाज ओळखला होता. जाडा करून बोललात तरी ओळखला. वाटलं, तुम्हाला ऐकायचंच नाही, म्हणून असं सांगता आहात. म्हणून पुन्हा फोन केला नाही. आज कळलं, बरं वाटलं आणि वाईटही. घरात बायको आहे, नातवंडं आहेत, सुखी आहे. फोन करू नये हे बरं. खोकला सांभाळा.'

इतकी वर्षं तो असं समजून जगला होता, आणि तिने मानून घेतलं होतं की त्याने लगेच विसरून टाकलं. दोघांच्या मध्ये एक तार होती आणि तारेवर एक साहेब.

"त्यांचा आवाज कसा होता गं?" तिने विचारलं.

"लिहून आलंय, ताई. आवाज नव्हता."

"वाच पुन्हा."

धाकटीने वाचलं. वर पॅकिंगच्या बायका तिला हाका मारत होत्या, चहा निवत होता. "पुन्हा," नंबरताई म्हणाली. धाकटीने पुन्हा वाचलं.

पुढच्या मंगळवारी ती बाराच्या बसने एकटीच बंदरावर गेली. तीन तासांचा रस्ता. इतक्या वर्षांत कधी जमलं नव्हतं, खरं तर कधी निघालीच नव्हती. कचेरीच्या जागी आता टायरचं गोदाम होतं. तिथल्या माणसाने विचारलं, "कोणाला भेटायचंय, मावशी?"

"कोणाला नाही. जागा बघायला आले."

त्याने एक स्टूल बाहेर आणून दिलं. "बसा. चारला एक जहाज सुटेल, बघण्यासारखं असतं."

तिने पदर खांद्यावरून घेतला आणि बसली. वारा खारट होता. सव्वातीन वाजले होते. जहाजावर माणसं दोर आवरत एकमेकांना हाका मारत होती, आणि ती त्यातला एकेक आवाज कान देऊन ऐकत राहिली.