कात्री कुठंय?

शिवणाऱ्या मावशींना त्या सिनेमाची गोष्ट विचाराल, तर धड सांगता यायची नाही. नायक शेवटी घरी परततो की नाही, यावर त्यांचा स्वतःशीच वाद. संगीत मात्र तोंडपाठ. लग्नानंतर जोडीनं पाहिलेला तो पहिला सिनेमा. त्याच्या गाण्यांची कॅसेट नवरोबांनीच आणलेली. ते कापड कापायचे, मावशी शिवायच्या. दुपारी कॅसेट लागली, बासरी सुरू झाली, की मशीन आपसूक संथ व्हायचं, खिडकीतलं ऊन कापडावर पसरायचं आणि मावशी कुठल्या कुठे निघून जायच्या. या नादात एकदा त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या होत्या.

तिसऱ्या गाण्यात एक घोळ होता. नवरोबांनी कधीतरी धांदरटपणे भलतंच, रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलं. बासरी मध्येच थांबायची आणि त्यांचा आवाज यायचा, "अगं, कात्री कुठंय?" ते जाऊन सहा वर्षं झाली, तरी मावशी न चुकता उत्तर द्यायच्या, "मशीनखाली!" मग पुढचं काम हलकं वाटायचं.

आणि एका दुपारी नेमकी तिथेच फीत अडकून चुरगळली. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

शेजारचा रेडिओवाला येऊन बसला. "मावशी, दोन बोटं फीत कापावी लागणार. गाण्यात कळायचंसुद्धा नाही." तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "कात्री कुठंय?"

"मशीनखाली!" मावशी बोलून गेल्या आणि त्यांना रडूच कोसळलं.

मग सगळं सांगून झालं. रेडिओवाल्यानं कात्री बाजूला ठेवली. तासभर नखानं फीत सरळ करत राहिला. पण फाटलेलं ते फाटलेलंच. शेवटी दोन बोटांची दीड बोटं झाली, आणि तेवढी त्यानं श्वास रोखून कापली. तुकडे चिकटवून कॅसेट लावली.

बासरी वाजली. थांबली. "अगं," एवढंच आलं, आणि पुढे गाणं सुरू.

रेडिओवाल्याची मान खाली गेली. "गेलं की हो, मावशी."

मावशींनी मात्र केव्हाच ओ दिली होती. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं यांना कात्रीच हवी असायची रे. आज नुसती मला हाक मारली."