ज्या मीटिंगमध्ये मी नव्हतोच

रिसोडकरांनो, आज डोकं फिरलं माहं.

मी घरूनच पुण्याच्या कंपनीसाठी टेस्टिंग करतो. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यातल्या सलाईनच्या पंपात चालते. काम ठरलेल्या पद्धतीनं होते का, हे तपासाले बाहेरच्या एक मॅडम व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यायच्या रिपोर्टवरच कंपनीचं सर्टिफिकेट टिकते. मॅनेजरचा मेसेज सकाळीच आला होता, "काहीही विचारलं तरी हो म्हण."

मॅडमनं सॉफ्टवेअर पास केल्याच्या रिव्ह्यू मीटिंगचा कागद दाखवला. त्यात माहं नाव, अन् नावापुढं "हरकत नाही."

त्या मीटिंगच्या दिवशी मी सुट्टी टाकून किन्हीराजाले मामाच्या वावरात सोयाबीन काढून राह्यलो होतो.

मी सरळ सांगतलं, "मॅडम, मी नव्हतो. अन् माही हरकत होती. नळी अडकली तर पंपाचा अलार्म उशिरा वाजते, असा मेल मी केला होता." त्यायनं मेल मागतला, मी दाखवला.

मग मॅनेजरचा फोन आला. "सर्टिफिकेट घालवशील तू आमचं. तुला काय पडलं होतं?"

अलार्मबद्दल एक शब्द नाही.

आता तुमीच सांगा. उद्या तुमच्या मायच्या हाताले हा पंप लागला अन् नळी अडकली, तर सिस्टरले बोलवाले काय सर्टिफिकेट वाजणार हाय?