चातुर्मास न पाळणारं रोप

बाळांनो,

तुमच्या आईने काल तिकिटं काढल्याचं कळवलं. म्हणजे दिवाळीला तुम्ही इथे असाल आणि चपलासुद्धा न काढता बाल्कनीत धावाल, कारण गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही तिथे किडे खाणाऱ्या रोपांच्या तीन कुंड्या ठेवून गेलात. त्याआधी मला काही सांगायचं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण दर रविवारी फोनवर मी काय सांगत आले ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून पत्र. अडलात तर आईला विचारा, पण आधी तिच्या हाती देऊ नका.

निघताना धाकट्याने गेटपाशी विचारलं होतं, "आजी, एखादं मेलं तर खरं सांगशील ना?"

"मी कधी खोटं बोलले आहे का?" मी म्हटलं. गृहपाठ का केला नाही याचं खरं कारण मुलांकडून वदवून घेण्यात माझी सगळी नोकरी गेली. मला तो प्रश्न अपमानच वाटला.

नर्सरीवाल्याने दिलेला कागद इंग्रजीत होता, म्हणून मी तो दोनदा वाचला आणि फ्रिजवर लावला. ऊन भरपूर, माती निकस, खत अजिबात नको, नळाचं पाणी नको, फक्त पावसाचं किंवा डिस्टिल्ड. इतकं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. जवळजवळ काहीच करायचं नव्हतं. तेच मला जमलं नाही.

दवबिंदूचं रोप पहिलं गेलं. ज्याच्या पानांवर चिकट थेंब चमकायचे ते. त्या बिचाऱ्याला नुसत्या काथ्याच्या भुशात ठेवलेलं मला बघवेना. चांगली काळी माती आणली, मूठभर शेणखत मिसळलं आणि त्याला त्यात बसवलं. आठ दिवसांत ते तपकिरी झालं. मी फोनवर म्हटलं, "जरा सुकल्यासारखं दिसतंय." हे अजून खोटं नव्हतं.

घटपर्णीची गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. पावसाळ्यात आपल्या सोसायटीत डेंग्यूची तपासणी होते. माणसं घरोघरी येतात, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा बॅटरी मारून बघतात. आपल्या घरात साचलेलं पाणी कधी सापडलेलं नाही. त्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत फेरी मारली, तर घटपर्णीच्या प्रत्येक घटात घोटभर पाणी, वर तरंगणारी चिलटं! मी एकेक घट वाकडा करून रिकामा केला आणि कापसाच्या बोळ्याने आतून पुसून कोरडा केला. तपासणीवाला खूश झाला. "आजी, असं घर बघितलं नाही," म्हणाला. रोपाचं पोट मी पुसून काढलं होतं हे मला नंतर कळलं. पुढे दर सोमवारी मी ते नेमाने पुसत राहिले, हेही सांगून टाकते.

राहिला व्हीनस फ्लायट्रॅप, पानांच्या सापळ्यात माश्या पकडणारा, धाकट्याचा लाडका. त्याला पाणी देण्याचं काम आजोबांनी घेतलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड पाणी ते बशीत ओतायचे. खाण्याचं मात्र मी बघत होते. श्रावण लागला होता आणि आपल्या घरात मेलेली माशी चिमट्यात धरून कुणाला भरवणं मला जमेना. मी पनीरचा बारीक तुकडा ठेवला. सापळा पटकन मिटला. मला कोण आनंद!

आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. "अगं, त्याच्याकडूनही चातुर्मास पाळून घेतेस की काय?"

"प्रोटीनच आहे ना ते?"

"मग कार्तिकीला पारणंही घाल त्याचं."

पनीर आत कुजलं आणि सापळा काळा पडला. मी दुसऱ्यात ठेवलं, तोही गेला. थंडी पडली तेव्हा अख्खं रोप काळं होऊन मातीला चिकटलं. त्या रविवारी धाकट्याने विचारलं, "आजी, सापळे किती?" आणि मी म्हणाले, "पाच." पुढच्या रविवारी सहा. मेलेलं रोप फोनवर फार जोमाने वाढतं. व्हिडिओवर दाखव म्हणालास की आमच्याकडे ऊन फार असायचं, नाहीतर नेटवर्क नसायचं.

जानेवारीत एका सकाळी मी ती कुंडी ओल्या कचऱ्याच्या बादलीत उपडी केली. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी ती बघितली. त्यांचं माहेर चाकणकडचं. तिथल्या त्यांच्या कांद्याच्या शेतावर आता कंपनी उभी आहे. त्यांनी बादलीत हात घालून ते बाहेर काढलं आणि बोटांनी माती झटकली.

"काकू, ह्यो मेला न्हाई."

"अहो, काळा ठिक्कर पडलाय."

"वरनं. खाली गड्डा बघा की, पांढराफेक हाय. कांद्याची पात वाळली म्हंजे कांदा मेला व्हय?"

फ्रिजवरच्या कागदात सगळ्यात खाली लिहिलं होतं की हे रोप हिवाळ्यात झोपतं. मी तो कागद दोनदा वाचला होता. मावशींनी एकदाही नाही.

त्यांनी गड्डा पुन्हा भुशात खोचला आणि कुंडी बशीत ठेवली. "आता ह्याला काय बी खायाला घालू नका. भूक लागली की त्येचं त्ये बघंल." मार्चमध्ये नखाएवढं हिरवं पान वर आलं. मला फोन करून ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोवर तुम्हाला सांगितलेले सापळे आठ झाले होते. नवं पान आल्याचं कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देते आहे. दवबिंदू मेला. घटपर्णी मेली. दोन्ही माझ्या हातून. फ्लायट्रॅप जिवंत आहे. आज सकाळी मी चष्मा लावून मोजले. सापळे चार आहेत, त्यातल्या एकात मुंगी आहे, आणि ती मी घातलेली नाही.