हिरड्याची शाई

“वही खाली ठेव. दोन पावलं मागे हो.”

मास्तर एवढंच म्हणायचे. ओरडायचे नाहीत, रागवायचे नाहीत. मी वही फरशीवर ठेवायची आणि मागं सरकायचं. मग ते टेबलावरच्या तांब्यात चार बोटं बुडवायचे आणि माझ्या वहीवर पाणी शिंपडायचे. एकदा, दोनदा, तीनदा. मग दोन बोटांनी कोपरा धरून उचलायचे. बाकीच्या चाळीस वह्या तशाच टेबलावर रचलेल्या असायच्या. माझी एकटीची आंघोळ करून जायची.

त्या दिवशी पाणी नेमकं बारावर पडलं.

गणित होतं, क्ष-वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा. अवयव पाडा. मी पाडले होते की! तीन आणि चार. बेरीज सात, गुणाकार बारा. किती नीट लिहिलं होतं. पण थेंब पडला बारातल्या दोनावर. शाई फुटली. दोनाचा निळा डाग झाला आणि बाराचा एक उरला. खालच्या दोन ओळी तर वाहूनच गेल्या.

मास्तरांनी वही डोळ्यांपाशी धरली.

“सात आणि एक? ह्याचे अवयव पडतात होय गं?”

वर्ग हसला.

“बारा होते, मास्तर. पाण्यानं पुसलं.”

“मला दिसतं ते मी तपासतो.”

लाल पेन्सिलीची फुली. वही पुन्हा फरशीवर.

आम्ही ढोर. सोलापुरात कातडी कमावणारे. मिलच्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं, आमची गल्ली त्याच्या आधी उठायची. माझा बाप, अप्पा, मोटा शिवायचा. आसपासच्या कितीतरी विहिरींचं पाणी त्या चामड्याच्या मोटांतून वर यायचं. ते पाणी पिकाला चालायचं, माणसालाही चालायचं. जाऊ द्या. त्यावर बोलायला लागले तर दिवस पुरायचा नाही.

मी इंग्रजी चौथीत होते, म्हणजे आताच्या आठवीत. वर्गात तीन पोरी, त्यातली मी दाराशी. मला नादारी होती, म्हणजे फी माफ. पण अट अशी की सहामाहीत सगळ्या विषयांत पास व्हायचं. एका विषयात गेलं की नादारी गेली. नादारी गेली की शाळा गेली. शाळा गेली की चुन्याच्या हौदावर जाऊन कातड्याचे केस खरवडायचे. माझ्या दोघी थोरल्या बहिणी तेच करत होत्या. चुन्यानं त्यांच्या बोटांची सालं निघालेली असायची. मला तिथं जायचं नव्हतं. सरळ सांगते, मला त्या हौदाची भीती वाटायची.

आणि मला बीजगणित आवडायचं. मास्तर शिकवायचे लई सुरेख! खोटं कशाला बोलू? इतकं सुरेख मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. प्रत्येक गणिताची सुरुवात ते ‘समजा’ म्हणून करायचे. समजा, ती संख्या क्ष. बस्स. जे ठाऊक नाही त्याला आधी एक नाव द्यायचं आणि मग त्याला घेरत घेरत पकडायचं. मला वाटायचं, हे मला येतंय. जगात एवढं एक काम आहे जे मला हातात धरल्यासारखं येतंय. आणि त्याच माणसाचं पाणी माझ्या वहीवर पडायचं.

सुरुवातीला मला वाटलं, चूक माझीच. शाई पातळ झाली असेल. दुकानात निळ्या पुडीची शाई मिळायची, पाण्यात कालवायची. मी दुप्पट पुडी कालवली. पाणी पडलं की दुप्पट डाग. मग वही उन्हात वाळवली. काही उपयोग नाही. पेन्सिलीनं लिहिलं तर मास्तर म्हणाले, “शाईनेच.” मग मी काय केलं माहितीय? घरातलं करडईचं तेल घेतलं आणि लिहिलेल्या पानावर चोळलं. पाणी लागणार नाही म्हणून! लागलं नाही खरंच. पण तेलानं कागद आरपार दिसायला लागला. मागच्या पानावरची गणितं पुढच्या पानावर उलटी उमटली.

मास्तरांनी वही उजेडाकडं धरली. “ही एका गणिताला दोन उत्तरं का लिहिते? एक देवाला आणि एक मला?”

पोरं बाकं बडवून हसली. मी पण हसले. आज त्याचीच जास्त लाज वाटते, की मी पण हसले.

शेवटी धीर करून हेडमास्तरांकडं गेले. दाराबाहेर उभी राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“पाणी शिंपडतात म्हणून तुझी वही हातात तरी घेतात. आभार मान त्यांचे.”

आता बोला. तक्रार घेऊन गेले आणि उपकार घेऊन परत आले.

सहामाहीला महिना उरला होता. जीव नुसता टांगणीला लागला होता. तेवढ्यात सायन्सच्या तासाला मूलद्रव्यं आली. सायन्सही तेच मास्तर शिकवायचे. त्यांनी टेबलावर एक गंजका खिळा ठेवला.

“मूलद्रव्य म्हणजे ज्यातून दुसरं काही निघत नाही ते. लोखंड घ्या. राजाच्या तलवारीतलं घ्या, नाहीतर खाटकाच्या सुरीतलं घ्या. लोखंड ते लोखंड.”

मग त्यांनी गंज कसा चढतो ते सांगितलं. लोखंड हवेतला प्राणवायू घेतं. मी कान टवकारून ऐकत होते. घरी आले तर अप्पा मोटेला दोर लावत बसलेला. त्याच्या हातांकडं बघितलं आणि एकदम थांबले. बोटं काळी. नखं काळी. रोजच काळी असायची. रोज आंघोळ करायचा, राखेनं घासायचा, तरी काळी.

“अप्पा, ह्ये काळं कशाचं रं?”

“हिरड्याचं. हिरड्याचं पानी लोखंडाला लागलं की काळं पडतंय की. आमी कातड्याला लावतो न्हवं का त्येच.”

“पान्यानं जात न्हाय?”

“जातंय कुटं! माझा बाप मेला तवा त्येचं हात काळंच हुतं.”

मी त्याला सगळं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. फरशी, तांब्या, बाराचा एक. अप्पा शिकलेला नव्हता. सगळं ऐकलं त्यानं. दोर बाजूला ठेवला. मला तो लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा, आमच्यात कानडी बोलतात तसं.

“अव्वा, तुला शाई करून देतो.”

पुढचे आठ दिवस त्या माणसानं मोटेला हात लावला नाही. निवडून निवडून हिरडे आणले, फोडले, मडक्यात उकळले. गंजके खिळे घातले. मडकं उन्हात ठेवलं, रोज काठीनं ढवळलं. धोतराच्या चिंधीतून तीनदा गाळलं. मग बाभळीचा डिंक. लिहिताना शाई फिकी दिसली, करडी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण घटकाभरानं ती काळी व्हायला लागली. मला वाटलं, हाच तो प्राणवायू. काळी कुळकुळीत झाली. मी कागदावर मोठ्ठा क्ष काढला होता. अप्पानं त्यावर भरला तांब्या ओतला.

क्ष जागचा हलला नाही.

अप्पा लहान पोरासारखा हसला. त्याला ते अक्षर कोणतं हेही ठाऊक नव्हतं. मला रडू आलं.

सहामाहीचा पेपर आला. चार गणितं, आपापल्या वहीतच सोडवायची. चौथं असं होतं: बापाचं वय मुलीच्या तिप्पट आहे, चौदा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आज दोघांची वयं किती? समजा, मुलीचं वय क्ष. उत्तर आलं चौदा. म्हणजे माझंच वय. बाप बेचाळीस. अप्पाला आपलं वय माहीत नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, तेही मिळालं.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गातच वह्या तपासायला बसले. माझी पाळी शेवटी.

“वही खाली ठेव. दोन पावलं मागे हो.”

ठेवली. मागं झाले. पाणी पडलं, एकदा, दोनदा, तीनदा. थेंब अक्षरांवर उभे राहिले आणि घरंगळले. काळं जिथल्या तिथं. मास्तरांनी वही उचलली, निथळली. वाचायला लागले. लाल पेन्सिल एकेका ओळीवरून उतरत गेली. कुठंच थांबली नाही.

“चारही बरोबर,” ते म्हणाले. आणि हसले. माझ्याकडं बघून पहिल्यांदाच. “शाई फार छान आहे गं. कुठली?”

तिथं मी चुकले. गप बसायला हवं होतं. दुकानातली म्हणायला हवं होतं. पण मला एवढा आनंद झाला होता की सांगून टाकलं.

“घरी केली, मास्तर. हिरडा आणि लोखंड. माझे वडील कातड्याला लावतात तीच.”

वही त्यांच्या हातातून सुटली. सुटली कसली, टाकली. त्यांनी हात तांब्यात बुडवला, पंच्याला पुसला, पुन्हा बुडवला. पेन्सिल पण त्यांनी बाजूला सारली. मग मस्टर उघडलं.

“ही वही मी बघितलेली नाही,” ते म्हणाले. आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “गैरहजर.”

मी समोर उभी होते. दोन पावलांवर.

डोळ्यांपुढं चुन्याचा हौद आला. अप्पाचे ते आठ दिवस आले. शाळेत मी जपून, शुद्ध बोलायची. पण त्या वेळी तोंडातून घरचीच बोली आली.

“लोखंड ते लोखंड. तुमीच सांगितलं न्हाय का, मास्तर? खिळा दावून?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता हो त्यांच्या डोळ्यांत! असता तर बरं झालं असतं.

“पुस्तकातलं पुस्तकात ठेवावं, पोरी. वही उचल आणि जा.”

मी वही उचलली. पण दाराकडं गेले नाही. दोन पावलं पुढं गेले आणि वही त्यांच्या टेबलावर ठेवली. चाळीस वह्यांच्या वर, तांब्याला लागून.

“तपासा,” मी म्हटलं.

मास्तर खुर्चीवरून असे उठले की खुर्ची आडवी झाली. तांब्या कलंडला. त्या चाळीस वह्या भिजल्या, निळं पाणी टेबलावरून खाली गळायला लागलं. पोरं ओरडत धावली. शिपाई काठी घेऊन आला आणि काठीनं ढकलत माझी वही दाराबाहेर नेली. मागोमाग मी.

चाळीस पोरांना पेपर पुन्हा लिहू दिला. मी गैरहजर.

नादारी गेली. नाव कापलं. अप्पा हेडमास्तरांकडं गेला. पटका काढून हातात धरला, पायरीच्या खाली उन्हात उभा राहिला. “चुकलं, सायेब. पोरीचं न्हाय, माजं चुकलं. शाई म्या केली.” मी मागं उभी राहून ऐकत होते. मास्तरांच्या एकाही शब्दानं एवढं दुखलं नव्हतं. आतून निरोप आला, मस्टरात गैरहजर आहे त्याला कोण काय करणार. अप्पानं पटका पुन्हा बांधला.

घरी आला तो दारात बसून हातच घासायला लागला. राखेनं, मग विटकरीच्या तुकड्यानं. कातडी लाल झाली तरी घासत होता. मी त्याच्या हातातनं विटकर काढून घेतली.

“अप्पा, हात नको घासू. हिरडं फोड.”

“आता कशाला गं शाई?”

“लागंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. दाराशी माझ्या जागी उभी राहिले. हजेरी सुरू झाली. एकेक नाव, एकेक हजर. यादी संपली. माझं नाव आलं नाही. ते येणार नव्हतंच.

“हजर,” मी म्हटलं.

मास्तरांनी मान वर केली नाही. शिपाई आला. “चल पोरी, माझी नोकरी घालवशील,” म्हणाला आणि काठी आडवी धरून मला फाटकापर्यंत नेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा काढलं. चौथ्या दिवशी वर्गाचं दार आतून लावून घेतलं होतं. मी बाहेर उभी राहिले. आत नावं चालली होती. संपली तसं मी दाराला तोंड लावून मोठ्यानं म्हटलं, “हजर.” आत कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

मला ठाऊक होतं की दार उघडणार नाही. कुणी माझी वही तपासणार नाही, कुणी मार्क देणार नाही. सगळं ठाऊक होतं. दुपारी मी चुन्याच्या हौदावर जाणार होते, बहिणींच्या शेजारी. तेही ठाऊक होतं.

पण वही माझ्या हातात होती. पाणी पिऊन कागद सुरकुतला होता, चारही गणितं काळीभोर होती. ही वही आता जमिनीवर जायची नाही. ज्याला तपासायची त्यानं हात पुढं करून माझ्या हातातनं घ्यावी. नाही घेतली तर मी दोन पावलं मागं होणार नाही. मांडा मला रोज गैरहजर. मी उद्या सकाळी हजेरीला येणार आहे.