भाऊजींची जोंगा

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लासूर स्टेशनला बहिणीकडं होते, उन्हात बसून हरभऱ्याची भाजी निवडत. फोन भाऊजींच्या दोस्ताचा, यूनुसभाईंचा. म्हणाले, "भाभी, आप आ जाओ... दत्तू चला गया." सकाळचा चहा घेऊन अंगणातल्या खुर्चीत बसले होते म्हणे, आणि बसल्या जागीच... मला आधी रडू आलं नाही, राग आला. इतके दिवस त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, त्यांच्यापायी मीही अळणी जेवले, आणि मी घरात नाही असं बघून हा माणूस निघून जातो म्हणजे काय. परतीच्या गाडीत मी त्यांना मनातल्या मनात इतकं बोलले की शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली. ओठ हलत असावेत माझे. आता काही आठवडे उलटलेत. राग पुरता गेलेला नाही, पण दुपारी अंगणात ऊन आलं की तो विसरायला होतो.

दत्तात्रय माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. जन्मभर कालव्यावर नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर उस्मानपुऱ्यात आमच्या खालच्या खोलीत राहायला आले. माझे मिस्टर गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. ते खाली, मी वर, आणि मधल्या जिन्यात दिवसभर कटकट. मी शिवणाचे वर्ग घ्यायचे. दुपारी वर माझी मशीन चालू असली की खाली त्यांना गाढ झोप लागायची. "वहिनी, तुमची मशीन थांबली की मला जाग येती," असं म्हणायचे. मग एखादे दिवशी काम संपलं तरी मी उगीच पायटा मारत बसायची. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोजच फर्माईश झाली असती.

आणि अंगणात त्यांची जोंगा. जोंगा म्हणजे लष्करातली जुनी जीप, साध्या जीपपेक्षा अंगापिंडानं थोराड. लिलावातून कोणीतरी घेतलेली, त्याच्याकडून भाऊजींनी घेतलेली, आणि मग आमच्या कडुनिंबाखाली उभी राहिलेली ती राहिलेलीच. तिच्या टपावर माझ्या कुरडया वाळायच्या. इंजिन चालू व्हायचं, धूरही भरपूर सोडायचं, पण त्याची ताकद चाकांपर्यंत काही पोचायची नाही. शिवणाच्या मशीनचं चाक गरागरा फिरावं आणि सुई जागची हलू नये, तशातली गत. गिअरबॉक्स, त्याला जोडलेला चारी चाकं ओढायचा डबा, तिथून पुढं-मागं जाणारे लांब दांडे, ॲक्सलच्या पोटातली दातेरी चक्रं... सगळंच कुठं झिजलेलं, कुठं गंजून धरलेलं. मी म्हणायची, विकून टाका भंगारात. ते म्हणायचे, "हां हां, बघू."

मग मागल्या हिवाळ्यात भाऊजींच्या हृदयानं दगा दिला. पंपिंग कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले. जिना नाही, ओझं नाही आणि शेतात चिखल तुडवत जाणं तर मुळीच नाही. शेत आमचं पाचोडच्या पुढं, काळ्या रानात. पाऊस झाला की पाणंदीतला चिखल गुडघ्यापर्यंत येतो, कुठलीच गाडी आत जात नाही. भाऊजी दर पावसाळ्यात चपला हातात घेऊन तेवढं अंतर चालत जायचे आणि बांधावर बसून राहायचे. काम काहीच नाही. नुसतं बसायचं, कपाशीकडं बघायचं. ते आता बंद. शेत बघणारा चुलत पुतण्या म्हणाला, काका, ट्रॅक्टरवर बसवून नेतो, आम्ही दोघं-तिघं धरतो. तर भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. "मला कोणी उचलून नेल्यालं जमायचं नाय. आपल्या पायानं जमत नसंल तर आपल्या गाडीनं जाईन. नायतर जाणारच नाय," असं म्हणून खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी यूनुसभाईंना बोलावणं धाडलं आणि जोंगाच्या टपावरच्या माझ्या चादरी काढायला लावल्या. येत्या श्रावणात बांधावर पोचायचं, बस्स, एवढीच जिद्द. पुढचा श्रावण कोणी बघितलाय, हे त्यांनी म्हटलं नाही, पण आम्हा तिघांनाही ते कळत होतं.

यूनुसभाई त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. गल्लीच्या टोकाला त्यांचं लेथचं दुकान होतं, हात थरथरायला लागल्यावर बंद केलं. म्हणजे बघा, एकाला दम नाही, दुसऱ्याचा हात स्थिर नाही, आणि निघाले लष्कराची गाडी दुरुस्त करायला. साहजिकच मी ओढली गेले. लांब दांड्याच्या टोकाला जो सांधा असतो, त्याच्या वाट्यांमध्ये सुयांसारखे बारीक रोलर ग्रीसमध्ये एकाला एक लावून बसवायचे असतात. एक जरी आडवा झाला तरी सगळं बाहेर. यूनुसभाई बसवायला गेले की सांडायचे. "भाभी, ये तो आपकाच काम है," म्हणत त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. चष्मा लावून, पदर खोचून मी ते रोलर बसवले. भाऊजी समोर खुर्चीत बसून इतक्या कौतुकानं बघत होते, की मी ओरडले, "बघत काय बसलात, ग्रीस द्या इकडं."

भाऊजींना गाडीखाली निजून काम करायची बंदी होती, म्हणून यूनुसभाईंनी ओळखीच्या पोरांकरवी मागचा आख्खा ॲक्सल काढून अंगणात बाजेवर ठेवला. तोही उलटा, कारण उलटा ठेवला तर भाऊजींना खुर्चीत बसल्या बसल्या रॉकेलनं घासता येत होता. उन्हाळाभर ते धूड आमच्या बाजेवर पडून होतं. पाहुणे दचकायचे. दुपारी सगळीकडं सामसूम, कडुनिंबाचा मोहर टपटप गळतोय, रॉकेलचा वास, आणि भाऊजी हळूहळू एकेक दात पुसतायत, जणू काही घाईच नाही जगात... कधी कधी पुसता पुसता थांबायचे. मी वरून हाक मारायची. "जागा हाय मी," म्हणायचे. पण त्या आवाजावरून ते पाचोडच्या बांधावर जाऊन आलेत हे कळायचं. मलाही त्या दिवसांत वेळेचं भान नव्हतं. वर्ग सुटला की मी जाऊन त्यांच्याजवळ बसायची. बोलणं फारसं नाही. आयुष्यात इतकी निवांत मी कधी बसलेली मला आठवत नाही.

सगळं परत जोडलं, गाडी ओंडक्यांवर उचलून धरली आणि यूनुसभाईंनी गिअर टाकला. मागची चाकं फिरायला लागली. हवेत, संथ, अधांतरी. तिघंही बघत राहिलो. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं, यूनुसभाईंनी माशाअल्ला म्हटलं, मी साखर आणायला आत पळाले. चाकं फिरतायत एवढ्यातच सगळे खूश. कुठल्या दिशेनं फिरतायत, हे काही कोणी बघितलं नाही. गाडी खाली उतरवली. यूनुसभाईंनी पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि जोंगा झोकात मागं गेली, थेट माझ्या धुण्याच्या दगडावर. दुसरा टाकला, तरी मागंच. मग भाऊजींच्या डोक्यात प्रकाश पडला. ॲक्सल उन्हाळाभर बाजेवर उलटा होता, त्या उलटेपणाची नजरेला इतकी सवय झाली होती की आतला चक्रांचा गड्डा बसवताना या दोघांनी वर दिसणारी बाजूच खरी वरची धरली. ॲक्सल फिरवून गाडीखाली गेला आणि पोटातला गड्डा उलटा झाला. बसवला होता मात्र अगदी चोख. मी म्हटलं, "अहो, बाही उलटी लावलीत तुम्ही." आमच्या वर्गात नव्या मुली हमखास करतात ही चूक.

भाऊजी हसायला लागले. दम लागेपर्यंत हसले, मग मला भीती वाटायला लागली. आणि मग काय करावं त्यांनी, स्वतः चढून बसले आणि रिव्हर्स टाकला. गाडी पुढं निघाली. फाटकातून बाहेर, गल्लीतून, इंजिनाचा आरडाओरडा नुसता आणि वेग बैलगाडीचा. लोक बाहेर येऊन बघतायत, यूनुसभाई बाजूनं चालतायत, आणि भाऊजी रिव्हर्स गिअरमध्ये अख्ख्या गल्लीला सरळ चक्कर मारून येतायत. परत येऊन त्यांनी गिअरशेजारचा, चारी चाकं जोडायचा दांडा ओढून बघितला. पुढची चाकं पुढं, मागची मागं... गाडी जागच्या जागी थरथरत उभी राहिली. भाऊजी म्हणाले, "हिलाबी जायचंय आन् राहायचंय." मग दोघं मुकाट्यानं परत सगळं उघडायला बसले.

श्रावणात आम्ही निघालो. भाऊजी स्टिअरिंगवर, शेजारी मी, मागं यूनुसभाई. पाचोडच्या पुढं पाणंदीच्या तोंडाशी ट्रॅक्टर रुतलेला होता, पोरं वैतागून उभी होती. भाऊजींनी चारी चाकांचा दांडा ओढला आणि गाडी चिखलात घातली. बोनेटवर चिखल उडत होता, काच दिसेनाशी झाली. मध्यावर मागची बाजू खचली, जोंगा तिरपी झाली, मी देवाचं नाव घ्यायला लागले. यूनुसभाई शांतपणे म्हणाले, "छोड मत, दत्तू. पकड रही है." आणि खरंच, पुढच्या चाकांनी जमीन धरली, काहीतरी खोलातून आवाज करत गाडी वर आली, आणि बाभळी संपून समोर एकदम सगळं हिरवं उघडलं. कपाशी, तूर, वर ढग, वाऱ्याची एक झुळूक रानभर फिरत गेलेली... भाऊजींनी गाडी बांधाला लावली आणि इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं की कानात घूं व्हायला लागलं.

मी खाली उतरले. यूनुसभाई उतरले. भाऊजी बसूनच. मी वाट बघितली, आणखी बघितली. माझं डोकं सणकलं. "अहो, उन्हाळाभर माझं अंगण तेलानं माखलंत, आणि आता खाली पाय ठेवायला नको?" भाऊजी रानाकडं बघतच होते. म्हणाले, "उतरीन हो. पर परत चढायला तुम्हा दोघांना उचलावं लागंल, वहिनी."

इतक्या जवळ राहून मला ते दिसलं नव्हतं. सकाळी घरी चढताना ते बराच वेळ दाराला धरून उभे होते, मला वाटलं गाडी न्याहाळतायत. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर कशी रडणार? मी कपाशीच्या दोन ओळींमध्ये वाकले आणि ओली काळी माती दोन्ही हातांनी ओंजळ भरून आणली. परत गेले, परत आणली. यूनुसभाईंनीही आणली, त्यांच्या हातातून निम्मी वाटेतच सांडत होती. पेडलजवळ, भाऊजींच्या पायांखाली, आम्ही ती पसरली. मी त्यांच्या चपला काढल्या. भाऊजींनी दोन्ही तळवे मातीवर टेकवले, जरा दाबले, आणि डोळे मिटून घेतले.

"गार हाय," एवढंच म्हणाले.

परत येताना त्यांनी अनवाणीच गाडी चालवली. भाऊजी गेल्यापासून यूनुसभाई मधूनमधून येतात आणि गाडीला एक चक्कर मारून आणतात, कारण ती उभी राहिली तर चक्रं पुन्हा गंजून धरतील. मागच्या आठवड्यात मी गाडी धुवायला काढली. टप, बोनेट, चाकं, मागची सीट, सगळं घासून पुसून घेतलं. पेडलजवळ वाळून टणक झालेली ती माती मात्र तशीच ठेवली, झाडूसुद्धा लावला नाही. यूनुसभाई आले, दार उघडून त्यांनी खाली बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चपला बाहेर काढून गाडीत बसले.