नाल्यातला गोळा

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं पोस्टिंग नाशिकबाहेरच्या एका फायरिंग रेंजवर होतं. मी नाईक. हाताखाली शिपाई काशिनाथ गावित, सुरगाण्याकडचा. तोफांचं फायरिंग संपलं की न फुटलेले गोळे शोधायचे, शेजारी लाल झेंडी लावायची आणि स्फोटकांचा चार्ज लावून जागेवरच उडवायचे, हे आमचं काम.

त्या सोमवारी पाच सापडले. चार दुपारपर्यंत उडवले. पाचवा नाल्यात, कपारीत तिरका अडकला होता. चार्ज लावायला पालथं पडून हात आत घालावा लागणार होता. मी झेंडी लावली आणि म्हणालो, "उद्या बघू."

मंगळवारी मी स्टोअरची यादी केली. बुधवारी जीप धुऊन घेतली. दोन्ही कामं कुणी सांगितली नव्हती.

"उस्ताद, नाल्यातला?" काशिनाथने संध्याकाळी विचारलं.

"उद्या."

गुरुवारी सकाळी सात-दहाला तो गस्तीवरून वायरलेसवर आला.

"नाल्यात गुरं शिरलीत. मागं एक बाई आहे. ओव्हर."

"जागेवर थांब. मी येतो. ओव्हर."

"ती झेंडीकडंच चाललीय. मी जातो. आउट."

सात-चौदाला स्फोट झाला.

बाई वाचली. काशिनाथने तिला काठाच्या आड ढकललं होतं. गोळ्याला गाईचा पाय लागला असावा. मी पोचलो तेव्हा काशिनाथ गेला होता.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "तीन दिवस का लागले?"

"कामाचा ताण होता, सर."

तसंच लिहून घेतलं गेलं. ताण नव्हता. मी घाबरलो होतो, आणि ते बोलायलाही घाबरत होतो.

पेन्शनवर आल्यावर नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात लागलो. तिथे नकोसं वाटणारं काम मी सकाळी पहिल्या तासात उरकायचो. लोक कौतुक करायचे. सुरगाण्याला जाणं मात्र आणखी सहा वर्षं टाळलं.

शेवटी गेलो. त्याचे वडील भाताच्या खाचरात होते. बांधावर उभ्यानेच सगळं सांगितलं. ते खाचरातून बांधावर आले.

मग म्हणाले, "तुला भ्या वाटत व्हता, तं त्याला सांगाचा. तो आला असता तुझे संगं."

खरं होतं ते. काशिनाथ तेवीस वर्षांचा होता. मंगळवारी आणि बुधवारी, दोन्ही दिवस सकाळी सहाला तो चार्जची पेटी घेऊन तयार उभा होता. मीच त्याला दुसऱ्या कामाला पाठवलं.