अंगठ्याचा दोष

कडावच्या भातखरेदी केंद्रावर सॉफ्टवेअर सांभाळणारा माझा सहकारी बिघाड झाला की आधी माणसांत खोट काढायचा. त्या सकाळी यंत्रावर अंगठा दाबूनही एकाही शेतकऱ्याची नोंदणी होईना. तिघांना त्याने हात धुवायला पिटाळलं.

"मावशी, तुमचा अंगठाच झिजलाय," तो रांगेतल्या म्हातारीला म्हणाला. तिने पदरावर घासून अंगठा लाल केला.

मी सर्व्हरवरच्या बिघाडांची नोंद, म्हणजे लॉग, उघडला. ठसा तपासणाऱ्या जावाच्या वेब सर्व्हिसला लागणारं एक्स्टेंशन, म्हणजे एक जोड-फाईल, सापडत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आदल्या दिवशी नवी आवृत्ती चढवताना हाच ती फाईल टाकायला विसरला होता. मी दाखवल्यावर त्याने ती गुपचूप टाकली, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि म्हातारीने अंगठा लावताच नोंदणी झाली तेव्हा म्हणाला, "बघा मावशी, आता कसा नीट दाबलात!"

"माजंच चुकलं रं बाबा," म्हातारी ओशाळून म्हणाली.

आणि त्याने मोठ्या मनाने तिला माफ केलं.